जखम लहान, प्रश्न मोठा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या एका मावशींचा उजवा डोळा किंचित पुढे आल्यासारखा दिसू लागला. वय बासष्ट. वैधव्य आल्यापासून त्यांनी शिलाई मशीनवर संसार चालविला. आमच्या धर्मग्रामातील दोन पिढ्यांच्या मुलींनी प्रथम कम्युनियनच्या दिवशी त्यांच्या हातचे पांढरे फ्रॉक घातले आहेत. प्रथम सर्वांना वाटले, रात्री उशिरापर्यंत सुईत दोरा ओवून डोळ्यावर ताण आला असावा. पुढे मुंबईच्या एका रुग्णालयात एमआरआय झाला आणि कळले, की डोळ्याच्या खोबणीमागील हाडाला लागून, मेंदूच्या आवरणातून एक गाठ वाढते आहे. डॉक्टरांनी तिचे नाव मेनिन्जिओमा असे सांगितले. अशा गाठी बहुधा सावकाश वाढतात आणि त्यांतील बहुतेक कर्करोगाच्या नसतात. परंतु जागा अशी होती, की वाढता वाढता तिने दृष्टीची नस दाबली असती.

शस्त्रक्रियेचे दोन मार्ग डॉक्टरांनी आम्हांपुढे ठेवले. एक जुना व रुळलेला : कानशिलावरील केस काढून त्वचा उघडायची, कवटीचा तुकडा तात्पुरता बाजूला करायचा व गाठीपर्यंत पोचायचे. दुसरा नवा : वरच्या पापणीच्या घडीत बारीक छेद घेऊन, डोळ्याच्या खोबणीतून दुर्बिणीच्या साहाय्याने आत जायचे. केस काढायला नकोत आणि जखमेचा व्रण पापणीच्या घडीत लपून जातो.

हे ऐकून आम्ही सर्व मंडळी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. मावशींचे दोन मुलगे, एक सून, मुलगी आणि आम्ही. दहा मिनिटांत निर्णय झाला. पापणीतूनच करायचे. मावशींना काय सांगायचे तेही ठरले : "डोळ्याचं छोटंसं ऑपरेशन आहे, घाबरू नकोस." गाठ हा शब्द उच्चारायचा नाही आणि मेंदू हा तर नाहीच. या निर्णयाला होकार देणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि तो होकार आम्ही प्रेमाने दिला होता. मावशी आतल्या खोलीत पलंगावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आमच्यापासून फार तर पंधरा पावलांवर.

त्या दहा मिनिटांनी आमचा पिच्छा अद्याप सोडलेला नाही. त्या वेळी न सुचलेला एक प्रश्न पुढे वाचनाने व विचाराने आमच्यापुढे उभा राहिला. जखम लहान असली म्हणजे मनुष्याच्या आत शिरण्याचे कृत्यही लहान होते काय? आणि त्या कृत्याला 'हो' म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

प्रथम ही शस्त्रक्रिया काय आहे ते समजून घेऊ. डोळ्याची खोबण सात हाडांच्या भागांनी मिळून बनलेली आहे. तिचा आकार साधारणपणे आडव्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखा आहे. तोंड पुढे आणि निमुळते टोक मागे, कवटीच्या आत. प्रौढ माणसाच्या खोबणीत सुमारे ३० मिलिलिटर जागा असते. डोळ्याचे बुबुळासह सबंध गोलक त्यांपैकी जेमतेम पाव भाग व्यापते. उरलेल्या जागेत चरबी, स्नायू, नसा व रक्तवाहिन्या असतात. खोबणीचे छप्पर आणि मागची बाजू यांपलीकडे लगेच मेंदूचा प्रदेश सुरू होतो. म्हणजे डोळा हा मेंदूच्या अगदी उंबरठ्यावर बसलेला आहे.

शल्यविशारद पापणीच्या घडीतून हाडाच्या कडेपर्यंत जातो, हाडावरील पातळ आवरण सोडवतो आणि गोलकास त्याच्या वेष्टनासह अलगद एका बाजूस सारतो. तयार झालेल्या चिंचोळ्या वाटेतून सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते. तिने दाखविलेले दृश्य समोरच्या पडद्यावर मोठे होऊन दिसते. मग खोबणीच्या बाहेरील भिंतीचे हाड बारीक ड्रिलने झिजवून गाठीपर्यंत दार उघडले जाते. गोलकावर फार वेळ दाब राहू नये म्हणून मधून मधून तो सैल सोडतात आणि डोळ्याच्या बाहुलीवर लक्ष ठेवतात. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात क्रिस मो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीची मांडणी करून २०१० साली ती वैद्यकीय जगापुढे ठेवली. त्यानंतर इटली, दक्षिण कोरिया, स्पेन इत्यादी देशांतील शल्यविशारदांनी तिच्यात भर घातली. मेंदूला फारसे न हलविता काही विशिष्ट जागी पोचता येते, हा तिचा मोठा गुण. पण ती निर्धोक आहे असे कोणी प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. पापणी खाली उतरणे, कपाळ बधिर होणे, एका वस्तूच्या दोन दिसणे, मेंदूभोवतीचे पाणी झिरपणे असे त्रास होऊ शकतात. त्यांतील बरेच काही आठवड्यांनी ओसरतात. परंतु सर्वांचेच ओसरतात असे नाही.

डोळ्याच्या या दाराचा आणखी एक इतिहास आहे. तो आमच्या वाचनात आला तेव्हा आम्ही अस्वस्थ झालो.

१९३५ साली पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ या डॉक्टरांनी मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९३७ साली इटलीतील आमारो फियाम्बर्ती यांनी मेंदूपर्यंत जाण्यासाठी कवटीला भोके पाडण्याऐवजी डोळ्याच्या खोबणीची वाट धरली. जानेवारी १९४६ मध्ये वॉशिंग्टन शहरात वॉल्टर फ्रीमन यांनी तीच वाट उचलली आणि तिचा झपाट्याने प्रसार केला. फ्रीमन हे मज्जाविकारांचे डॉक्टर होते, शल्यविशारद नव्हते. विजेचे झटके देऊन रुग्णाला बेशुद्ध करायचे, वरची पापणी उचलायची, बर्फ फोडण्याच्या टोच्यासारखे अणकुचीदार हत्यार गोलकाच्या वरून खोबणीच्या छपराला टेकवायचे आणि हातोडीने ठोकून ते पातळ हाड भेदायचे. मग हत्यार आत इकडून तिकडे फिरवायचे. दुसऱ्या डोळ्याकडूनही तसेच. हे सारे काही मिनिटांत आटोपत असे. बाहेर टाका नाही, व्रण नाही. केवळ डोळे काळेनिळे होत. ते झाकण्यासाठी नातेवाइकांनी काळा चष्मा आणावा, असा सल्ला दिला जाई.

म्हणजे जखमेच्या मापाने पाहिले, तर ही मेंदूवरील सर्वांत 'लहान' शस्त्रक्रिया ठरावी. न केस काढायचे, न कवटी उघडायची. आणि तिने केलेले नुकसान मात्र असे, की माणसाचा पुढाकार, त्याची उत्सुकता, त्याचा राग आणि त्याचे हसूदेखील कित्येकदा त्याच्याकडून कायमचे हिरावले गेले. १९५२ साली अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील सरकारी मनोरुग्णालयांत फ्रीमन यांनी सुमारे दोन आठवड्यांत दोनशेहून अधिक रुग्णांवर हा प्रयोग केला. आपल्या हयातीत त्यांनी केलेल्या अशा शस्त्रक्रिया, दोन्ही प्रकारच्या मिळून, साडेतीन हजारांच्या घरात जातात. १९६७ साली एका स्त्रीचा मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला, तेव्हा कोठे त्यांच्या हातातील हत्यार खाली ठेवले गेले.

आता प्रश्न असा, की तीच पापणी, तीच खोबण, तेच दार असता १९४६ मधील प्रवेश आपणांस भयंकर का वाटतो आणि आजचा स्वागतार्ह का वाटतो? याची सोपी उत्तरे दोन आहेत आणि दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात.

पहिले उत्तर ज्ञानाचे. त्या काळी लोकांना कळत नव्हते, आज कळते. यात तथ्य आहे. फ्रीमन यांचे हत्यार अंधारात फिरत होते. आजच्या दुर्बिणीसमोर उजेड असतो आणि ती कशाच्या जवळ आहे हे शल्यविशारदाला दिसते. पण त्या काळी कोणालाच कळत नव्हते असे मात्र नाही. फ्रीमन यांचे सहकारी शल्यविशारद जेम्स वॉट्स यांनी या नव्या पद्धतीस विरोध केला आणि दोघांची वाट वेगळी झाली. सोव्हिएत संघाने १९५० साली या शस्त्रक्रियेवर बंदी घातली. ती मोनिझ यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर अवघ्या एका वर्षाने. कळणारे होते. परंतु ज्यांना ऐकायचे नव्हते त्यांनी ऐकले नाही. शिवाय आज आपल्याला जे कळते तेही पुरे आहे, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

दुसरे उत्तर हेतूचे. फ्रीमन दुष्ट होते असे मानले की आपण मोकळे होतो. पण ते तसे नव्हते. मनोरुग्णालये खचाखच भरलेली होती, क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे अमेरिकेत १९५४ नंतरच मिळू लागली, आणि साखळदंडांत व कोठड्यांत आयुष्य कंठणारी माणसे घरी परतावीत अशी त्यांची खरीखुरी इच्छा होती. काही परतलीही. चांगला हेतू असूनही हे घडले. किंबहुना चांगल्या हेतूमुळेच कोणाला थांबावेसे वाटले नाही.

मग फरक कोठे आहे? आमच्या मते तो दोन प्रश्नांत आहे. दुखणे कोणाचे दूर होत होते? आणि ज्याच्या आत शिरायचे त्याला विचारले होते काय?

लोबोटॉमीचे यश मोजले कोणी? दालनातील परिचारिकेने, कारण दालन शांत झाले. पतीने, कारण पत्नी उलट बोलेनाशी झाली. अमेरिकेत ही शस्त्रक्रिया पुरुषांपेक्षा स्त्रियांवर अधिक झाली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. १९६० सालच्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियात हॉवर्ड डली या बारा वर्षांच्या मुलावर ती पापणीवाटेच झाली. त्याच्याविषयी सावत्र आईच्या तक्रारी फ्रीमन यांच्या टिपणांत आहेत : झोपायला जाताना कुरकुर करतो, दिवसा तंद्रीत असतो, ऊन असताना दिवे लावतो. वडिलांनी संमती दिली. मुलाला कोणी काही सांगितले नाही. पन्नाशी उलटल्यावर डली यांनी आपली कागदपत्रे शोधून काढली, वृद्ध वडिलांसमोर बसून त्यांना जाब विचारला आणि २००५ साली ते सारे नभोवाणीवर सांगितले. पुढे त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले.

दुसरे उदाहरण एका श्रद्धावंत कॅथोलिक घराण्याचे आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांची धाकटी बहीण रोझमेरी ही बुद्धीने थोडी मंद होती. तरुणपणी तिचे रागाचे झटके वाढले. १९४१ साली, ती २३ वर्षांची असता, वडिलांनी फ्रीमन व वॉट्स यांच्याकडून तिची शस्त्रक्रिया करविली. ती पापणीतून नव्हे, तर कवटीला भोके पाडण्याच्या आधीच्या पद्धतीने झाली. रोझमेरी जागी होती. वॉट्स यांनी पुढे एका लेखकास सांगितल्याप्रमाणे, तंतू कापले जात असता तिला प्रार्थना म्हणावयास, गाणे म्हणावयास सांगितले जात होते. ती अडखळू लागली तेव्हा ते थांबले. त्यानंतर तिला नीट चालता येईना की बोलता येईना. विस्कॉन्सिनमधील फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या आश्रयस्थानात तिने पुढील अनेक दशके काढली व २००५ साली ८६ व्या वर्षी ती निवर्तली. तिच्या वडिलांचे मुलीवर प्रेम नव्हते, असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही. त्यांनी तिच्यासाठी सर्वोत्तम म्हणवले जाणारे डॉक्टर शोधले होते. तिच्यासाठी ठरविताना तिला विचारावे, एवढे मात्र त्यांच्या मनात आले नाही.

हे वाचताना आम्हांला रुग्णालयातील तो बाक आठवला. तुलना सरळ नाही, हे आम्ही जाणतो. मावशींना खरीखुरी गाठ होती, तिच्यावर उपचार हवाच होता, आणि डॉक्टरांनी सुचविलेले दोन्ही मार्ग योग्यच होते. तरीही आमचा त्या वेळचा संवाद आठवून पाहता लक्षात येते, की पापणीची वाट आम्ही निवडली तिची कारणे बरीचशी आमची होती. 'व्रण दिसणार नाही' हे सुनेला आवडले. 'लवकर घरी येईल' हे मुलांना आवडले. 'मेंदूचे ऑपरेशन' असे गावात सांगावे लागणार नाही, हे आम्हांला आवडले. लहान जखमेने मोठी सोय होत होती ती आमची.

सप्टेंबर १९५२ मध्ये, म्हणजे वेस्ट व्हर्जिनियातील तो प्रकार घडला त्याच वर्षी, मज्जासंस्थेच्या विकृतींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी रोममध्ये जमले होते. त्यांच्यापुढे पोप बारावे पायस यांनी केलेल्या भाषणातील दोन मुद्दे आजही मननीय आहेत. डॉक्टरला रुग्णावर तेवढाच अधिकार असतो जेवढा रुग्ण स्वतः त्याला देतो, हा पहिला. शास्त्राची प्रगती किंवा समाजाचे हित एवढ्यावरून तो अधिकार आपोआप निर्माण होत नाही. दुसरा मुद्दा त्याहून खोल आहे. रुग्णदेखील स्वतःच्या देहमनाचा सर्वाधिकारी मालक नव्हे. तो विश्वस्त आहे, आणि म्हणून आपले स्वातंत्र्यच कायमचे नष्ट करून आपणांस चालत्या यंत्रासारखे करणाऱ्या उपायाला त्यालाही होकार देता येत नाही. म्हणजे संमती आवश्यक, परंतु संमतीने सर्व काही क्षम्य होत नाही.

आपल्या देशाचा कायदाही उशिरा का होईना, याच दिशेने आला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी त्या व्यक्तीची स्वतःची संमती आणि शिवाय मंडळाची मान्यता आवश्यक केली आहे. तत्पूर्वी २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला एक खटला तर थेट आमच्या बाकाजवळ येतो. एका प्रौढ स्त्रीने केवळ दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलेखाली असता डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने निर्णय दिला, की जिवावरचा तातडीचा प्रसंग नसता, सज्ञान व्यक्तीच्या वतीने तिची आईदेखील संमती देऊ शकत नाही. शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारावयास हवे होते. आई! जिच्याहून अधिक माया कोणाची असणार? तरीही नाही.

येथे वाचक विचारतील, की आपल्या घरांची रीत वेगळी नाही काय? आजारी माणसाला धक्का बसू नये म्हणून आपण वाईट बातमी वाटून घेतो आणि ओझे आपल्या खांद्यावर घेतो. यात निव्वळ लपवाछपवी नाही, त्याग आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. काही रुग्ण स्वतःच म्हणतात, "मला काही सांगू नका, तुम्ही ठरवा." तसे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण ते त्यांनी म्हटले पाहिजे. आपण ते त्यांच्या वतीने गृहीत धरता कामा नये. कारण ज्याला विचारले जात नाही त्याला हळूहळू कळते, की आपण या घरात आता माणूस उरलो नाही, तर केवळ काळजीचा विषय झालो आहोत. आणि ही जखम कोणत्याही दुर्बिणीत दिसत नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात बार्तिमय या आंधळ्या भिकाऱ्याची कथा आहे. ती आपण अनेकदा ऐकतो, परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे आमचे लक्ष आजवर गेले नव्हते. तो माणूस आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. लोक त्याला गप्प बसवू पाहत होते. प्रभू येशूने त्याला जवळ बोलावले आणि डोळ्यांना स्पर्श करण्यापूर्वी किंवा काही करण्यापूर्वी, तुझ्यासाठी मी काय करावे असे विचारले. उत्तर उघड असता का विचारले? आम्हांस वाटते, बरे करण्याइतकेच विचारणे महत्त्वाचे होते म्हणून. ज्याला आजवर सर्वांनी गप्प केले होते, त्याला प्रथम त्याचा आवाज परत मिळाला आणि मग दृष्टी.

आता मावशींकडे वळू. आम्ही आमचा निर्णय डॉक्टरांना कळविण्यास गेलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "पेशंटला सांगितलं का?" थोरला मुलगा म्हणाला, "आम्ही सांगू, डॉक्टर." डॉक्टर म्हणाले, "मीच सांगतो. तुम्हीही बसा." आणि ते आत जाऊन मावशींच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसले. एका कागदावर त्यांनी डोळ्याची खोबण काढली, गाठ काढली आणि दोन्ही वाटा काढून दाखविल्या.

मावशींनी सर्व ऐकून घेतले. रडल्या नाहीत. मग विचारले, "डॉक्टर, दोन-दोन दिसायला लागलं, तर मला सुईत दोरा ओवता येईल का?"

बाकावर बसलेल्या आम्हां पाच जणांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, की असा त्रास झालाच तर बहुधा काही आठवड्यांत जातो, पण हमी देता येणार नाही, आणि कानशिलाच्या वाटेलाही नसांचा धोका अगदी नाही असे नाही. मावशींनी पुढे विचारले, की आपण अशी किती ऑपरेशने केली? त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. पापणीतून केलेली बोटांवर मोजण्याइतकी आहेत, म्हणाले, आणि कवटी उघडून केलेली वीस वर्षांची. नवी पद्धत आधी दान केलेल्या मृतदेहांवर शिकावी लागते, तशी आपणही शिकलो, आणि आपल्याला वाटते की ही गाठ दोन्ही वाटांनी निघेल. मावशींनी दोन दिवस मागून घेतले. घरी आल्या, मिस्सेला गेल्या, कोणाशी फारसे बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कानशिलातून करू दे. केस परत येतील. डॉक्टरचा हात ज्या वाटेला सरावलाय, त्याच वाटेनं त्याला जाऊ दे."

आणि आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "माझ्या डोळ्याचं तुम्ही ठरवलंत, आणि मला नुसतं उपाशी राहायला सांगणार होतात."

या वाक्याला आमच्यापाशी आजही उत्तर नाही.

शस्त्रक्रिया कानशिलातूनच झाली. सबंध दिवस गेला. नसेला चिकटलेला गाठीचा एक लहान भाग डॉक्टरांनी जाणूनबुजून मागे ठेवला. त्यासाठी दर वर्षी तपासणी करावी लागते. कानशिलाशी थोडा खड्डा राहिला आहे, तो केसांनी झाकतो. डोळा बराच मागे गेला आहे. यावरून मावशींची निवडच बरोबर होती व पापणीची वाट चुकीची ठरली असती, असा निष्कर्ष वाचकांनी काढू नये. दुसऱ्या एखाद्या रुग्णाला, सरावलेल्या हातांखाली, तीच वाट अधिक हितकर ठरेल, आणि विज्ञानाने ती शोधून काढली याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे. कदाचित मावशींनाही ती चांगलीच फळली असती. ते कोणास ठाऊक? आमचे म्हणणे एवढेच, की निवड त्यांची होती, आणि ती आम्ही जवळजवळ हिरावून घेतली होती.

येणाऱ्या काळात मनुष्याच्या आत शिरण्याच्या वाटा अधिकाधिक बारीक होत जाणार. कधी ना कधी आपल्यापैकी प्रत्येकाला अशा एखाद्या बाकावर बसावे लागेल. त्या वेळी 'छोटेसे आहे' या शब्दांनी आपले समाधान होऊ लागले, तर क्षणभर थांबून पाहावे, की ते छोटे कोणासाठी आहे. आणि मग उठून ती पंधरा पावले चालून आत जावे, पलंगाजवळ बसावे व विचारावे.

मावशींच्या मशीनचा आवाज मे महिन्यापासून पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. सुईत दोरा ओवायला आता त्यांना थोडा अधिक वेळ लागतो. परवा आम्ही शेजारी बसलो होतो. त्यांची धडपड पाहून आमचा हात सवयीने पुढे गेला. मग आठवण झाली, आणि आम्ही आधी विचारले, "मावशी, ओवून देऊ का?"

"नको," त्या म्हणाल्या, "मला जमतंय." आणि खरोखरच त्यांना ते जमले.